ओळखून काढलेली चिठ्ठी

वडनेरात विमलाबाईंना ओळखत नाही असं माणूस शोधायचं म्हटलं, तर ते एक तर कालच लग्न होऊन आलेलं असेल, नाही तर परवाच जन्मलेलं. एकतीस वर्षं त्या गावच्या अंगणवाडीत होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी काट्यावर टांगून तोललंय, नाक पुसून खिचडी चारलीय आणि वेळ पडली तेव्हा कानही पिळलाय. आज मिशीला पीळ देत फटफटीवरून जाणारा गडी त्यांच्या दारासमोर आला की आपोआप गाडी हळू करतो. ही बाई चारचौघांत, "काय रे, शेंबूड पुसाले शिकला का आता?" असं विचारायला कमी करणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

गावात ख्रिस्ती घरं दोनच, त्यातलं एक विमलाबाईंचं. नवरा जाऊन बावीस वर्षं झालेली, पोटी लेकरू नाही. रविवारी हिंगणघाटला चर्चमध्ये जायचं आणि बाकीचे सहा दिवस पहाटे आपल्याच ओट्यावर मननाला बसायचं, हा त्यांचा नेम. मनन म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. अंगण झाडून झालं की चटई टाकायची आणि स्टीलचा एक डबा पुढ्यात घ्यायचा. डब्यात शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, दोनशेच्या वर, सगळ्या त्यांच्याच अक्षरातल्या. अंगणवाडीत आयुष्य काढलेल्या बाईला कागद फेकवत नाही. त्यामुळे कुठली चिठ्ठी कॅलेंडरच्या पानाची, कुठली पोषण आहाराच्या जुन्या तक्त्याची, कुठली कुणाच्या लग्नपत्रिकेची. डोळे मिटून एक काढायची, वाचायची आणि मग दहा मिनिटं तोंड बंद ठेवून बसायचं. हे तोंड बंद ठेवणं विमलाबाईंना सगळ्यात जड जाई, आणि म्हणूनच त्या ते रोज करत. मोबाइलवर गुलाबाच्या फुलासकट वचन पाठवणाऱ्यांचा त्यांना भारी राग होता. "चार सेकंदात वाचलं अन् चाळीस जनायले ढकललं, याले का मनन म्हंतेत?" असं म्हणून त्या फोन उपडा ठेवून देत.

या ओट्यावर सात वर्षं गोपिका येत होती.

गोपिका म्हणजे पुंडलिकराव भाजीवाल्याची बायको. त्यांचं दोन एकर ओलिताचं वावर नाल्यापलीकडे. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजाराला न्यायची. थोरली मुलगी गुंजन. तिच्या पाठीवर आलेला मुलगा सहाव्या दिवशी गेला, तेव्हा गोपिकेनं भिंतीकडे तोंड करून पडून राहायला सुरुवात केली. आयाबाया येत, कुणी नशिबाचं सांगे, कुणी पुढच्या वेळचं. विमलाबाई मात्र रोज सकाळी येऊन नुसत्या उशाशी बसत. बोलण्यासारखं काही त्यांना सुचतच नव्हतं, आणि सुचत नसताना बोलायचं नाही इतकी अक्कल त्यांना होती. महिनाभरानं गोपिकेनंच तोंड वळवलं आणि विचारलं, "तुमी रोज पाह्यटं ओट्यावर एकट्या बसून काय करता?"

"ऐकते."

"काय ऐकता?"

"कधी काई ऐकू येते, कधी नाई येत. ये तू, पाहाय."

ती आली आणि येतच राहिली. गोपिकेनं धर्म बदलला नव्हता आणि विमलाबाईंनी तिला तसं कधी सुचवलंही नव्हतं. घरी गणपती बसायचा, महालक्ष्म्यांचं जेवण व्हायचं, त्यातलं ताट विमलाबाईंकडे यायचं. पण पहाटे वावरात जायच्या आधी अर्धा तास ती या ओट्यावर असायची. मनात जे असेल ते आधी प्रभूजवळ बोलायचं, मग माणसांजवळ, हे ती इथं शिकली. विमलाबाईंनी तिला वाचायला लावलं, रडायला दिलं, कधी सासूवरून चिडली तर खडसावलंही. सासू वारली तेव्हा तिच्या पाया पडून रडायची बुद्धी गोपिकेला झाली ती या ओट्यामुळेच, असं ती स्वतः सांगे. विमलाबाईंना ती आई म्हणायची. पुंडलिकराव बायकोला चिडवत, "तुह्या देवाले सांग म्हनाव, वांग्यावरची अळी तेवढी घेऊन जाय. मंग मीबी येतो बसाले." विमलाबाई तिथल्या तिथं उत्तर देत, "अळी राहू दे, तुमचा आळस नेते का पाहू." तो माणूस हसायचा तर सगळं अंग हलायचं. असा तो भला माणूस होता, आणि पुढचं सांगताना तेच आठवून जीव तुटतो.

मागच्या वर्षीच्या कार्तिकात फवारा मारता मारता पुंडलिकराव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसले. छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हाताला मुंग्या आल्या. हिंगणघाटच्या डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढून पाहिली, जिभेवर ठेवायच्या आणि रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या, आणि दोन-तीन दिवसांत नागपूरला जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या म्हणून बजावलं. पुंडलिकराव घरी येऊन म्हणाले, "गॅस हाये." खरं तर ते घाबरले होते. त्यांचा थोरला भाऊ असाच नागपूरला गेला होता आणि चौथ्या दिवशी गाडीतून आला तो पांढऱ्या चादरीत. त्या घराला तेव्हापासून नागपूरच्या नावाचाच धसका बसलेला.

गोपिका दोन दिवस ओट्यावर येऊन नुसती रडली. तिसऱ्या दिवशीही तेच. तिनं आदल्या दिवसापासून पोटात अन्न घेतलं नव्हतं. त्या दिवशी ती वावरातून तशीच आलेली, हात चिखलानं भरलेले. डब्यापाशी हात आणला आणि मागे घेतला.

"आई, आज तुमीच काढा."

विमलाबाईंनी डबा मांडीवर घेतला. डोळे मिटायचा नियम त्यांचाच. त्यांनी डोळे मिटले, आणि समोरून तो हुंदका ऐकू आला, लहान लेकरासारखा, श्वास अडकवून आलेला. एकतीस वर्षं रडणारं लेकरू दिसलं की उचलून घ्यायचं, दुसरं काही त्या हातांना माहीतच नव्हतं. त्यांनी डोळे किलकिले केले. डब्यात एका बाजूला गुलाबी कागदाची गुंडाळी होती, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची. तिच्यावर काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं. अंथरुणाला खिळलेल्याला प्रभू आपल्या हातानं उठवून बसवतो, अशा अर्थाचं ते वचन. त्यांनी ती गुलाबी चिठ्ठी उचलली, उलगडली आणि वाचून दाखवली.

गोपिकेचं रडणं थांबलं. तिनं पदरानं डोळे पुसले, चिठ्ठी मागून घेतली, कपाळाला लावली. मग विमलाबाईंनी केलेला चहा प्याली, दोन पोळ्या खाल्ल्या. विमलाबाईंना इतकं बरं वाटलं की विचारू नका. लेकरानं चार घास खाल्ले, झालं. खोटं केलं असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. वचन खोटं नव्हतं, शास्त्रातलंच होतं. निघालं असतं कधी तरी. आज काढलं, इतकंच.

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. गोपिकेनं रात्रभर देवापुढं एकच प्रश्न धरला होता. नेऊ का नको नेऊ? उद्या जे वचन निघंन ते तुहं उत्तर.

दुसऱ्या दिवशी गोपिका आली ती हसतच. म्हणाली, "आई, गाडी सांगतलीती नागपूरची, ते परत केली. हेबी खुश झाले. आता वचन भेटलं म्हटल्यावर काय?"

विमलाबाईंच्या हातातला झाडू थांबला. सगळं त्यांच्या ध्यानात आलं, एका क्षणात आलं. ते त्यांना नंतर कधी नाकारता आलं नाही. समजलंच नव्हतं असं म्हणायची सोय देवानं त्यांना ठेवली नाही.

"तरी एकडाव दाखवून ये वं," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच लुळा वाटला.

"तुमीच तं सांगता, वचन भेटल्यावर मांगं-पुढं पाह्यचं नाई."

खरं होतं, त्याच सांगत. आता बोलायचं म्हणजे कालचं सांगावं लागणार. गोपिकेच्या त्या निवळलेल्या तोंडाकडे पाहून त्यांनी मनाची समजूत घातली, की आज राहू दे, दोन दिवसांनी हळूच सांगू, पुंडलिकरावांनाच समजावू. त्या दुपारी त्या खरंच पुंडलिकरावांकडे गेल्याही. ते मेथीच्या जुड्या बांधत होते. म्हणाले, "बाई, तुमच्याच देवानं सुट्टी देल्ली, आता तुमीच काऊन धाडून राह्यल्या?" आणि सगळं अंग हलवत हसले. विमलाबाईही हसल्या. दोन दिवसांचे चार झाले, चाराचे आठ.

बाराव्या दिवशी पुंडलिकराव वांग्याच्या वाफ्यात पडले ते उठलेच नाहीत. बांधावर वांग्यांची टोपली अर्धी भरलेली होती.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे गोपिका ओट्यावर आली. विमलाबाईंना वाटलं, ती आता देवाला शिव्या घालील, आपल्याला घालील, डबा फेकून देईल. त्यांनी तयारी केली होती. गोपिका चटईवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "आई, वचन खोटं नवतं. माहाच इश्वास कमी पडला."

"असं काऊन म्हंतं?"

"मी लपून गोळ्या देत जावो त्यायले. डाक्टरनं देल्ल्या त्या. दुधात घोळून. म्हंजे वचनावर अर्धा भरोसा अन् गोळीवर अर्धा. देवाले ते अर्धं कसं चालंन?"

विमलाबाईंच्या घशाशी शब्द आला. खरंच आला. पण गोपिका पुढं बोलतच होती, की आता तिला एवढाच आधार आहे, देव खरा आहे आणि चूक आपली आहे; हेही गेलं तर तिच्याजवळ काही उरणार नाही. हे ऐकल्यावर विमलाबाईंनी ओठ मिटून घेतले. सांगितलं तर या पोरीचा देव जाईल, नवरा तर गेलाच. आपण गप्प बसतोय ते तिच्यासाठीच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्याच्या भल्यासाठी गप्प बसलो असं म्हणणाऱ्या माणसाला झोप का लागत नाही, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

पौषात गुंजन त्यांच्याकडे आली. बारावीला होती ती, हिंगणघाटला शिकायला जायची. दारातच उभी राहून म्हणाली, "आजी, आईनं सोताच्या बीपीच्या गोळ्या बंद केल्या. महिना झाला. काल मोटर चालू करता करता भोवळ येऊन पडली. मी म्हटलं तं म्हंते, एकडाव अर्धा इश्वास ठेवला, आता पुरा ठेवतो. तुमी सांगा ना तिले. तुमचं ऐकते ते."

तुमचं ऐकते. विमलाबाईंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगते म्हणाल्या. सांगूनही आल्या, पुन्हा त्याच लुळ्या आवाजात, की गोळ्या देवानंच दिल्यात. गोपिकेनं ऐकून घेतलं आणि गोळ्या घेतल्या नाहीत.

मग विमलाबाई तळेगावला निघाल्या. तळेगावात लेकाकडे अण्णाजी राहत, चर्चचे जुने पाळक. शहाऐंशी वर्षांचे झाले होते. विमलाबाई विधवा झाल्या तेव्हा याच अण्णाजींनी त्यांना मननाला बसायला शिकवलं होतं. दोन वर्षं दर महिन्याला वडनेरला येऊन त्यांचं ऐकून घेतलं होतं. वडनेरहून हिंगणघाट, तिथून वर्धा, मग आर्वी, मग तळेगाव. पहाटे निघालेल्या विमलाबाई दुपारी पोचल्या. वाटेत त्यांनी कसं सांगायचं ते शब्दाशब्दानं जुळवून ठेवलं होतं. पण अण्णाजींना आता ऐकू येत नव्हतं.

"मोठ्यानं सांग," कानामागे हात धरून ते म्हणाले.

स्वयंपाकघरात सून होती, शेजारची बाई दळण घेऊन आलेली. विमलाबाईंनी जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं. अण्णाजींनी मान हलवली, ऐकू आलं नाही. शेवटी ती जुळवून ठेवलेली वाक्यं सोडून विमलाबाई ओरडल्या, "मीनं चिठ्ठी पाहून काढली! माह्यामुळं मानूस मेलं!" स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद पडला.

उरलेलंही, गोपिकेनं गोळ्या सोडल्या तिथपर्यंत, त्यांनी तसंच ओरडून सांगितलं. अण्णाजी म्हणाले, "देवाले सांगतलं?"

"रोज सांगते. माफी मांगते."

"बरं करतं. पण देवाचा नवरा मेला का?"

अण्णाजींनी कानामागचा हात खाली घेतला.

"तिले सांग ना मंग."

"तिचा देव जाईन, अण्णाजी! तेवढाच उरला तिले!"

"देवाची काळजी तू नोको करू. तो तुह्या-माह्यापेक्षा म्हातारा हाये, त्याचं तो पाह्यते." अण्णाजींचा आवाज थकलेला होता, पण त्यात दया नव्हती असं नाही. "तुले भेव दुसरंच हाये, विमला. तिनं तुले सोडू नये म्हून तू तिले गोळ्या सोडू देऊन राह्यली."

एवढं बोलून त्यांनी हात पुढं केला, विमलाबाईंचा हात धरला आणि प्रार्थना केली. लहानशीच होती. घरी परतताना चारही गाड्यांमध्ये विमलाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या बाईला कुणी असं उघडं पाडावं आणि ते शंभर टक्के खरं असावं, याहून वाईट काय असतं?

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर त्या नाल्यापलीकडच्या वावरात गेल्या. गोपिका हौदापाशी बसून सांबाराच्या जुड्या बांधत होती, कडेला ओल्या गोणपाटावर बांधलेल्या जुड्यांची रास. "या आई," म्हणाली आणि बसायला पोतं सरकवलं. विमलाबाई बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर पुन्हा राहून गेलं असतं.

"गोपिका, ते चिठ्ठी आपून निंघाली नवती. मीनं पाहून काढली."

"कोनती?"

"ते गुलाबी. मले माईत होतं तिच्यावर काय लेहलं ते. तू रडून राह्यली होती. दोन दिवसाची उपाशी होती. मले पाह्यवलं नाई."

गोपिकेचे हात जुडीभोवती दोरा गुंडाळत होते, ते तसेच थांबले. तिनं आधी काय विचारावं? तिनं विचारलं, "म्हंजे माहा इश्वास कमी नवता?"

"नाई वं माय. तुहा इश्वास कमी नवता."

"अन् गोळ्या देल्ल्या ते?"

"ते बरोबर केलं. तेवढंच एक बरोबर झालं या सगळ्यात."

तिचा चेहरा क्षणभर सैल पडला, महिनाभर डोक्यावर घेतलेला भारा कुणी उतरवून घ्यावा तसा. विमलाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, देवा, एवढ्यावरच थांबव. पण गोपिका काही वेडी नव्हती. एकामागून एक सगळं तिच्या ध्यानात येत गेलं आणि ते येताना विमलाबाईंना तिच्या डोळ्यांत दिसत गेलं.

"मंग मी नेलं असतं त्यायले," ती म्हणाली. "गाडी सांगतलीच होती. मी ओढून नेलं असतं."

"हो."

"मी देवाले इचारलं होतं, नेऊ का नोको. रातभर इचारलं. मंग देव काय म्हनला होता, आई?"

"मीनं त्याले बोलूच देल्लं नाई."

हौदात पाईपचं पाणी पडत होतं. गोपिका उठली, मोटर बंद करून आली. पुन्हा बसली नाही.

"दुसऱ्या दिवशी मी सांगतलं तुमाले, गाडी परत केली म्हून. तवा तं माईत पडलं होतं तुमाले."

"पडलं होतं."

"मंग काऊन नाई बोलल्या?"

याचं उत्तर विमलाबाईंनी तळेगावहून येताना शोधून ठेवलं होतं. "तू मले खोटी म्हनशीन म्हून."

"येवढ्यासाठी?"

"हो. येवढ्यासाठीच."

गोपिकेनं आरडाओरडा केला असता, त्यांच्या अंगावर धावून आली असती, तर विमलाबाईंना सोसलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. ती नुसती बघत राहिली. सहा दिवसांचं लेकरू गेलं तेव्हा ज्या डोळ्यांनी ती भिंतीकडे बघायची तेच डोळे होते. मग तिनं खाली वाकून अर्धी बांधलेली जुडी उचलली, दोरा पुरा गुंडाळला, गाठ मारली.

"विमलाबाई," ती म्हणाली, "तुमी घरी जा."

सात वर्षांत तिनं त्यांना नावानं हाक मारली नव्हती. विमलाबाई घरी आल्या, चूल पेटवली नाही, दिवसभर दार लावून पडून राहिल्या. मोठ्यानं रडायचीही त्यांना लाज वाटत होती. आपल्याला कुठला हक्क?

गोपिका पुन्हा ओट्यावर आली नाही. वावरात जायचा जवळचा रस्ता विमलाबाईंच्या दारावरून होता. तो सोडून ती शाळेमागून वळसा घालून जाऊ लागली. गावाला हे दिसलंच. कुणी म्हणालं, नवरा गेला, देवावरून मन उडालं. कुणी विमलाबाईंना खोदून विचारलं. विमलाबाई म्हणाल्या, "तिचं काई चुकलं नाई, माहं चुकलं," आणि काय चुकलं तेही त्यांनी विचारेल त्याला सांगितलं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांदेखत उभं राहून सांगितलं. काही जणांनी त्यांना जवळ घेतलं, दोघींनी बोलणं टाकलं. दोन्ही त्यांनी मुकाट्यानं घेतलं.

पहाटे त्या बसत. नुसत्या बसत, पुढ्यात काही न घेता. आधी प्रभूला बोलू द्यायचं असं सगळ्यांना शिकवणारी ही बाई आता खरंच कान देऊन बसे. ऐकू काही येत नसे. रस्त्यानं दूधवाला जाई, कुणाची बकरी ओरडे, आणि समोर चटईवरची रिकामी जागा दिसत राही. तरी त्या उठून गेल्या नाहीत. दुसरीकडे जायला त्यांना जागाच नव्हती.

फाल्गुनात एका सकाळी हिंगणघाटला जायला त्या बसथांब्यावर उभ्या होत्या. गुंजन पेपर द्यायला निघालेली. आधी ती लांबच थांबली, मग काय वाटलं कोण जाणे, जवळ आली.

"आजी, आई गोळ्या घेते आता. दोनी वेळच्या."

"बरं झालं." विमलाबाईंना पुढं विचारायचं धाडस होईना. तरी विचारलं, "सकाळी... सकाळी काय करते वं?"

"बसते ना. मोटरच्या खोलीपाशी. पाह्यटं जाते अन् उजेड पडेपर्यंत बसते. पह्यले रडत जाये लय. देवाले भांडे, मोठमोठ्यानं. मले भेव वाटे. आता नाई रडत. आता शास्त्राचं आख्खंच पुस्तक घेतलं तिनं. पह्यल्या पानापासून वाचून राह्यली. म्हंते, त्याचं जे म्हननं हाये ते सगळंच आयकाचं, चांगलं बी अन् वाईट बी."

विमलाबाईंनी शेवटी विचारलंच, "माहं काई म्हंते का?"

गुंजननं मान खाली घातली. खोटं बोलायला ती शिकली नव्हती. "तुमचं नाव काढलं तं उठून जाते, आजी."

बस आली. विमलाबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला, पेपर नीट लिही म्हणाल्या, आणि आपण चढल्या नाहीत. बस गेल्यावर त्या तिथल्याच बाकावर बसून राहिल्या. सात वर्षं गोपिकेसाठी त्यांनी रोज एकच मागणं मागितलं होतं, की हिला देवाजवळ जायला मधे माझी गरज पडू नये. ते मागणं ऐकलं गेलं होतं. गोपिकेचा देव कुठंही गेला नव्हता. मोटरच्या खोलीपाशी तो तिच्याजवळ होता, आणि तिथं विमलाबाईंना जागा नव्हती.

देवाचे आभार मानायला हवेत हे त्यांना कळत होतं. त्यांनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि भर सकाळी, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसमोर, ज्या गावाला त्यांनी काट्यावर तोललं होतं त्या गावासमोर, त्या ओक्साबोक्शी रडू लागल्या.